अम्माची चौकशी

"अम्माला परकी म्हणणारा कोण, तो एकदा माझ्यासमोर येऊ दे," असं महिपती चहाच्या टपरीवर येईल त्याला ऐकवत होता.

गोष्टच तशी होती. उल्हासनगरच्या जुन्या निर्वासित बराकीत एकटी राहणाऱ्या मोतीबाईला, म्हणजे सगळ्यांच्या अम्माला, नोटीस आली होती. बाई पाकिस्तानात जन्मली, ती इथली नागरिक नाही, मतदार यादीतून तिचं नाव उडवा, अशी कुणीतरी निनावी तक्रार केली होती. रविवारी निवडणूक कचेरीचे साहेब चौकशीला बराकीतच येणार होते.

महिपतीला हे जास्तच लागलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? 'बाहेरच्यांना हाकला' ही घोषणा विठ्ठलवाडीपर्यंतच्या भिंतींवर पक्षासाठी त्यानेच रंगवली होती. पण त्याच्या डोक्यातले बाहेरचे म्हणजे कुणी दुसरेच, अम्मा नव्हे. आई अंबरनाथला कारखान्यात जायची तेव्हा अम्मानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता मात्र तिची पायरी तो फक्त मतं मागायला चढायचा. तेवढ्यातही ती सिंधी रिवाजाप्रमाणे आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे करायची, आणि तो उभ्या उभ्या पापड मोडून सटकायचा. तिच्या पापडांचा डबा कधी रिकामा झालेला त्याने पाहिला नव्हता. खाणार कोण?

मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या बंगाली शिंप्यावर अशीच तक्रार झाली होती. तेव्हा अम्माने महिपतीला खोदून खोदून विचारलं होतं. साहेब किती वेळ बसले? साक्षीला कोण कोण आलं? शिंप्याचा भाऊ खरंच कलकत्त्याहून धावत आला का? बिचारी तेव्हापासूनच धास्तावलेली असणार, हे महिपतीला आत्ता उमगलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो तडक पक्षाच्या ऑफिसात गेला. हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे, असं तो तोंडावर म्हणाला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्याने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. मग एसटीडी बूथवरून इंदूरला फोन लावून त्याने अम्माच्या मुलाला, हरिचंदला, फैलावर घेतलं. बापाचं दिवसकार्य झाल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता.

हरिचंद शनिवारी आला, ट्रंकेतून बापाचा निर्वासिताचा दाखला शोधून काढला, आणि आईशेजारी जमिनीवरच झोपला.

रविवारी बराकीपुढचं अंगण माणसांनी फुललं. बुद्धविहाराजवळच्या चाळीतून जनाबाई तिथल्या बायका घेऊन आली. मोरिवलीचा नाथा दूधवाला आला. फ्लॅटमध्ये राहायला गेलेले, बराकीची वाट विसरलेले सिंधीही आले. जो तो साहेबांना सांगत होता की ही बाई आमची आहे. जनाबाईला तर हुंदका आवरेना.

अम्मा धुवट पांढऱ्या कपड्यांत स्टोव्हपाशी बसून पापड भाजत होती. आलेल्या प्रत्येकाच्या हातात पापड, पाणी. कुणाला दोनदा. तिचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. महिपतीला वाटलं, धसक्याने हिला ताप भरलाय.

टेबलाशी बसलेल्या साहेबांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "कागद ठीक आहेत," ते म्हणाले. "तक्रार करणारा पुढे आला तर मला ऐकून घ्यावं लागेल. नाहीतर हे प्रकरण इथंच मिटलं. आहे का कुणी?"

महिपतीने एकेका तोंडाकडे रोखून पाहिलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. लोक कपडे झटकत उठू लागले. हरिचंदने घड्याळ पाहिलं आणि कोपऱ्यातली बॅग उचलली. संध्याकाळची गाडी मिळेल, असं तो कुणाला तरी सांगत होता.

"सुटलीस अम्मा," महिपती वाकून म्हणाला. "संपलं सगळं."

अम्माने डब्यात हात घातला. डबा रिकामा होता. तिने स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले आणि गुडघे धरत साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"तक्रार मीच केली, साहेब," ती म्हणाली. "आता अगली तारीख द्या ना."