बोटाखालची ओळ

नववीत आहे मी, आणि ग्रंथालयाच्या बाईंनी हातात हत्तीच्या चित्रांचं पुस्तक ठेवलं. अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्यासाठी नाही गं," बाई म्हणाल्या, "पहिलीतल्या मुलांना वाचून दाखवायला कुणीतरी हवंय." आठवडाभर मी ते विज्ञानाच्या पुस्तकात लपवून वाचलं. शब्दाखाली बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. वर्गात बोट ठेवलं की सगळे फिदीफिदी हसतात. आज पहिलीच्या वर्गात चटईवर बसले. एक चिमुरडी मला खेटून बसली. मी बोट ठेवून अडखळत वाचू लागले. तिसऱ्या पानावर तिने विचारलंच, "ताई, तू इतकं हळू का वाचतेस?" "तुला कळावं म्हणून," मी ठोकून दिलं. तिने आपलं इवलंसं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं. "मग रोज तूच ये. आमच्या बाई भरभर वाचतात, माझं बोट मागेच राहतं."