मोलकरणीचा रोल

गणपतीतल्या नाटकात न्यायाधीशाचं काम मिळावं म्हणून प्राध्यापिका हेमलताताईंनी संवाद घोकून पाठ केले होते. तालमीला पुण्याहून बोलावलेल्या दिग्दर्शकाने त्यांना दोनच वाक्यांत थांबवलं आणि हातात झाडू दिला. "सॉरी मॅडम, तुमच्या टोनमध्ये हिंदी मिक्स होतं. जजला क्लीन मराठी पाहिजे. तुम्ही मोलकरणीचा रोल करा, ऑडियन्स पोट धरून हसेल!" ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जबलपुरात चार पिढ्या जपलेली मराठी हिंदीने बाटते, अन् याची इंग्रजीने नाही? "काहून हसतील?" त्या कडाडल्या. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब घाईघाईने मध्ये पडले. "जाने दो ना हेमा, काहून वाद घालून राहिली? सर इतक्या दुरून आले." ताईंनी झाडू भय्यासाहेबांच्या हातात दिला. "सर, आमचे अध्यक्षही असंच बोलतात. नाटकाला येणारे चारशे लोकही. तेवढे झाडू आणले काय?"