बारबरदारी

"तुमचे आजोबा न्हावी होते," सूर्यकांत साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले. "पारंपरिक वाहतूकदाराचं प्रमाणपत्र तुम्हाला मिळणार नाही."

टेबलापुढे उभ्या असलेल्या रूपाबाईने मागे वळून पाहिलं. साहेब दुसऱ्याच कोणाशी बोलत असतील, तर आपण मध्ये कशाला? मागे कोणी नव्हतं.

"कोन न्हावी?"

"थावरा वल्द पेमा. तुमचेच ना?"

"व्हय, माझा आजाच. पर त्यो बैलाच्या पाठीवर मीठ न्हेत व्हता, धान्य न्हेत व्हता. समदा तांडाच न्हेत व्हता. न्हाव्याचं काम काय वाईट न्हाई साहेब, पर ते आमाला येतच न्हाई."

साहेबांनी कागद वाचून दाखवला. वर निजामाच्या काळातल्या नोंदीची उर्दू नक्कल. खाली तीच ओळ देवनागरीत : पेशा – बारबरदारी. त्याच्या खाली मराठी भाषांतर : केशकर्तनाचे दुकान. आणि त्यावर गोल शिक्का.

उर्दू वाचून दिलं होतं एका निवृत्त मास्तरांनी. भाषांतर केलं ऑपरेटर अपूर्वने. अपूर्व इंग्रजी शाळेत शिकलेला. बार्बर म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक. उरलेल्या 'दारी'चं दुकान त्याने स्वतःच्या हिमतीवर काढलं.

"बार म्हंजी वझं," रूपाबाई म्हणाली. "बारबरदारी म्हंजी वझं वाहनं. तांड्यातल्या लेकरालाबी ठावं हाय. तुमी भाषांतर करून राहिले का आमची हजामत? त्या मास्तरला इचारा की."

"विचारलं असतं. पण त्यांच्या मानधनाची फाईल मंजुरीला गेलीय. ती येईपर्यंत मास्तर येत नाहीत."

"मंग तुमीच दुरुस्त करा."

"शिक्का बसलाय, बाई."

साहेबांच्या डोक्यामागे योजनेचा फलक होता. दुर्बल समाजातल्या छोट्या वाहनधारकांना सरकारी वाहतुकीच्या ठेक्यांत बड्या ठेकेदारांसमोर उभं राहता यावं, म्हणून हे प्रमाणपत्र. फलकावर हसऱ्या चेहऱ्याचा ट्रक होता. तांड्यावर रेशनचं धान्य पोचवण्याची निविदा आज पाच वाजता बंद होणार होती. घड्याळात सव्वाचार. दोन म्हशी विकून घेतलेली पिकअप बाहेर लिंबाखाली उभी.

"ह्ये प्रमाणपत्र न्हाई भेटलं तर ठेका परत त्याच ठेकेदाराला," रूपाबाई म्हणाली. "कागदावर त्याचा ट्रक तांड्यापत्तुर येतो. पर पोती टाकून जातो फाट्यावर. तिथून तीन किलोमीटर आमी बाया डोक्यावर न्हेतो. ईस साल झाले."

"मग पिकअपमध्ये न्या ना. गाडी आहे ना तुमची?"

"न्हेलं व्हतं गेल्या महिन्यात. इनापरवाना सरकारी धान्य न्हेते म्हनून गाडी धरली, दंड घेऊन सोडली."

"बरोबरच आहे. प्रमाणपत्र कुठंय?"

"अन् डोक्यावर न्हेलं तर?"

साहेबांनी विचार केला. नियमाला धरून विचार करणारे म्हणून ते कचेरीत प्रसिद्ध होते.

"डोक्याला परवाना लागत नाही," ते म्हणाले.

रूपाबाई हलली नाही. तिच्या मागे आता दोघंतिघं येऊन उभे राहिले होते. साहेबांना तिची दया आली.

"हे बघा बाई, मी काही तुमच्या वाईटावर नाही. केशकर्तनाची वेगळी योजना आहे. खुर्ची मिळते, आरसा मिळतो. आणि वाहतुकीचंच पाहिजे असेल, तर लेखी पुरावा हा असा आहे. प्रत्यक्ष पुरावा काही असला तर दाखवा. मी शेरा मारतो."

"प्रत्यक्ष म्हंजी डोळ्यानं दिसंल असा?"

"हो."

रूपाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. दोन्ही हात टेबलावर टेकले आणि मान खाली घालून टाळू साहेबांच्या चष्म्यासमोर आणली. ऐन मध्यावर, ओझ्याखालची चुंबळ ठेवायच्या जागी, एकही केस नव्हता. चुंबळीएवढंच टक्कल. कातडी टाचेसारखी निबर झालेली.

"ईस सालाची बारबरदारी," ती तशीच वाकून म्हणाली. "लिवा आता."

साहेबांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला :

'अर्जदाराच्या डोक्याची समक्ष पाहणी केली. केशकर्तनाचा प्रत्यक्ष पुरावा आढळून आला.'