वरून पुसायचं

ऑफिसातले कॉम्प्युटर पुसता पुसता मावशींची अकरा वर्षं गेली, पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही: वरून पुसायचं, आत बघायचं नाही. आज शाळेला सुट्टी म्हणून लेक सोबत आली होती. मावशी फरशी पुसून वळतात तो काय! चार दिवस बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडं, पोरीच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर, आणि दुसऱ्या हाताने चित्रकलेचा ब्रश आत फिरतोय.

“कार्टे, माझ्या पोटावर पाय देतेस का?”

“आई, आत धूळच धूळ आहे गं. शाळेत बाईंनी शिकवलंय आम्हाला.”

जिन्यात साहेबांचे बूट वाजले. मावशींनी झाकण कसंबसं बसवलं आणि लेकीला टेबलाखाली ढकललं. जाता जाता कार्टीने बटण दाबलंच.

साहेब दारातच थबकले. स्क्रीन उजळली होती.

“याला हात कोणी लावला?”

“मीच, साहेब.” मावशींनी हातातलं फडकं दाखवलं. “पुसताना लागला. पुन्हा नाही लावणार. कामावरून तेवढं काढू नका.”

“काढू? अहो मावशी, मेकॅनिकने हात टेकले होते याच्यापुढे! आता हा शेजारचा बंद आहे, तोही करा. मी इथेच बसून बघतो.”

मावशींनी शेजारचा कॉम्प्युटर फडक्याने वरून पुसायला घेतला.

 

तेवढ्यात टेबलाखालून त्यांच्या मुठीत स्क्रूड्रायव्हर सरकला आणि मागोमाग कुजबुज आली, “आई, आधी वायर काढ.”