पेन्सिलची रेघ
बॉयलर अटेंडंटच्या तोंडी परीक्षेला दोनच दिवस उरले होते. बायको तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या मामांच्या, पुस्तकातून प्रश्न विचारत होती. “बॉयलरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं, तर आधी काय करायचं?” “पंप चालू करून पाणी सोडायचं.” “चूक. आधी आग बंद. तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडलं तर तो फुटतो.” मी पुस्तक ओढून घेतलं. त्या ओळीखाली मामांनी पेन्सिलने दोनदा रेघ मारली होती.  आनंदनगरच्या कंपनीत मी त्यांचा हेल्पर होतो. एके दिवशी काच रिकामी दिसली, मी पंपाकडे धावलो. “नको!” मामा ओरडले, तोवर मी पंप चालू केला होता. आजवर वाटायचं, घाबरले असतील. स्फोटात ते गेले, मी वाचलो. चौकशीत चूक त्यांची ठरली, मलाही पटलं. “बघा हं,” बायको म्हणाली, “बाबांसारखी चूक तुम्ही तरी करू नका.”