सर्वांत मोठं अक्षर

गठ्ठा सोडला आणि मुलांचे चेहरेच पडले. त्यांनी लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकावर संस्थेच्या अध्यक्षांचा पानभर फोटो होता. वर ठळक अक्षरांत त्यांचं नाव होतं. पुस्तकाचं नाव, 'चिंचेवरची सभा', तळाशी मुंगीएवढं.

"मुखपृष्ठावर सर्वांत मोठं अक्षर पुस्तकाच्या नावाचं, असं मी मुलांना शिकवलंय," मी अध्यक्षांना म्हणाले. "हे बदलून द्या."

"छापून कोणी दिलं, बाई?" ते हसले. "हौसेनं शिकवायला येता, तेवढंच करा. नाव वाचायचंय त्यांनी भिंग आणावं."

प्रकाशनाच्या दिवशी प्रती वाटल्या. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या मंजिरीनं दप्तरातून काळं स्केचपेन काढलं आणि ती त्यांच्या फोटोवरच पुस्तकाचं नाव लिहू लागली. शेजारच्या मुलांनीही पेनं काढली.

"बाई, आवरा तुमच्या कार्ट्यांना," अध्यक्ष माईकवरूनच खेकसले.

मी उठले. मंजिरीजवळ वाकून पाहिलं. अक्षरं हनुवटीवर दाटीवाटीनं बसली होती.

"असं नाही, बाळा," मी म्हटलं. "कपाळापासून सुरू कर. चांगलं ऐसपैस."