दारात उभी गाडी

श्वेतानं चावी फिरवली. आतून नुसतं टकटक झालं आणि समोरचे दिवे मंद होत विझले.

तिनं स्टिअरिंगवर हात आपटला. बॅटरी नवी होती. तरी गाडी चार दिवस उभी राहिली की बसायची. गाडी तिच्या बाबांनी लग्नात दिलेली, तिच्याच नावावरची. माहेरी कन्हानला आई वाट पाहून पाहून थकली होती, आणि निघायचं म्हटलं की ही अशी आडवी यायची.

पडवीत तिची सासू गोपिकाबाई तुरीची डाळ निवडत होती.

"नाही होऊन राहिली का सुरू?" तिनं सुपावरची नजर न हलवता विचारलं.

"नाही."

"मंग राहू दे. ऊनही लय हाय."

तेवढ्यात श्वेताचा मोबाईल वाजला. नवऱ्याचा, धर्मेंद्रचा फोन. तो कोराडीला ड्युटीवर असायचा, पण त्याचा फोन नेमका अशाच वेळी यायचा.

"गाडी सुरू करून राहिली होती का?"

"बॅटरी बसू नये म्हणून पाहिलं."

"कुठं जायचं होतं?"

"कुठंच नाही."

"मंग चावी जाग्यावर ठेव." फोन बंद झाला.

श्वेतानं पडवीकडे पाहिलं. सासूच्या मांडीजवळ तिचा मोबाईल पडला होता. घरातलं त्याला कोण कळवतं, हे श्वेताला केव्हाच समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र गेल्यावर तिनं लहानूला बोलावलं. नारी रोडवर तो गाड्यांचं वायरिंग करायचा. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर लावलं आणि मान हलवली.

"ताई, गाडी बंद हाय, तरी करंट जाऊन राहिला. काहीतरी पिऊन राहिलं आतून."

"तेच तर शोधायचं आहे, भाऊ."

तो एकेक फ्यूज काढून मीटर पाहत होता. श्वेता शेजारी उभी होती, त्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. मध्येच लहानू म्हणाला, "सावलीत उभ्या राहा ना." ती हलली नाही.

शेवटी तो मागे गेला आणि हसला. "हे पाहा. डिकी नुसती टेकवलेली. आतला लाइट चालूच राहते." त्यानं डिकी दाबून लावली. मीटरवरचा आकडा झर्रकन उतरला. "अजून जरासा करंट जाते, घड्याळ-बिड्याळ असन. तेवढ्यानं काही बॅटरी बसत नाही."

"पण डिकी मी उघडतच नाही."

"मंग कोणीतरी उघडते," लहानू म्हणाला आणि बॅटरी चार्ज करून द्यायला सोबत घेऊन गेला.

संध्याकाळी त्यानं ती परत बसवून दिली. तो गेल्यावर श्वेतानं डिकी ओढून पाहिली. घट्ट होती. चावी दाराजवळच्या खिळ्याला असायची. धर्मेंद्र अंधारात येऊन सकाळीच निघायचा. उरलं कोण, हे कोणाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती खोलीत आडवी झाली आणि खिडकीची फट उघडी ठेवली.

सासू बाहेर आली. तिनं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, डिकी उघडली आणि आवाज होऊ न देता नुसती टेकवली.

श्वेता अनवाणीच धावली. फरशी पोळत होती, पण तिला ते कळलंही नाही.

"काहून करून राहिल्या हे, आई?"

गोपिकाबाईचा हात डिकीवरच राहिला.

"माझं कुठं जाणं तुमाले पाहवत नाही ना? तिकडून त्याचा फोन, इकडून तुमी. अजून काय काय सांगता त्याले?"

"हळू बोल वं," सासू म्हणाली. "मी काहीच सांगत नाही त्याले. तू भाजी आणाले गेली होती, तवा त्यानं माणूस आणून गाडीत डबी बसवून घेतली. चावी फिरवली का त्याच्या मोबाईलात वाजते. गाडी हालली का कुठं चालली ते दिसते. गाडीची बॅटरी बसली तरी डबी चालूच राहते."



"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तू भरोसा ठेवला असता माझ्यावर?"

श्वेतानं पोळणारे पाय गाडीच्या सावलीत ओढले.

"डबी काढली असती तर त्याले समजलं असतं. गाडी घेऊन निघाली असती तर कामठीच्या आधीच गाठलं असतं त्यानं तुले. मले दुसरं काही सुचलं नाही, बाई." तिनं सुनेच्या बाहीकडे पाहिलं. "हाताची सूज उतरली?"

श्वेतानं बाही मनगटापर्यंत ओढली.

सासू आत गेली आणि एक बॅग घेऊन आली. माहेरी निघून जायला श्वेतानं भरून गाद्यांच्या मागे लपवलेली बॅग. फक्त आता जास्त फुगलेली.

"तुझे कॉलेजचे कागद त्याच्या कपाटात होते. टाकले आत. चौकात कामठीचा ऑटो भेटते, तिथून कन्हान काही लांब नाही."

"आणि तो आला म्हणजे?"

"अंधार पडेपर्यंत नाही येत तो," गोपिकाबाई म्हणाली आणि बॅगेचा पट्टा सुनेच्या खांद्यावर अडकवला. "तवापर्यंत त्याच्या मोबाईलात गाडी दारातच उभी दिसन."